फोडण्यासाठी भरायच्या बांगड्या

जीनाच्या हातात फोडायला बांगड्याच नाहीत, ही अडचण सर्वांत आधी शालनकाकींच्या लक्षात आली.

दहावा उद्यावर आला होता. जीनाचा नवरा कौस्तुभ गेल्याचा फोन आल्यावर शालनकाकी ज्या साताऱ्याहून निघाल्या, त्या तेव्हापासून वसईतल्या गोखिवऱ्याच्या या फ्लॅटमध्ये सुतक सांभाळत होत्या. कुणी काय खायचं, कुणी कुठं झोपायचं, कुणी किती रडायचं, सगळ्यावर त्यांचं लक्ष होतं. जीना पुरेशी रडत नाही, हे त्यांनी दुसऱ्याच दिवशी टिपलं होतं. मनगटं मात्र आज बघितली. डाव्यावर रबरी पट्ट्याचं घड्याळ, उजव्यावर काहीच नाही. जीना शाळेत पी.टी. शिकवायची. तिच्या हातात बांगड्या दिसल्या असत्या तर लग्नाच्या फोटोत, पण लग्न रजिस्टर होतं आणि फोटोत हाताची घडी होती.

"आता फोडायचं काय?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

कौस्तुभचे काका सुधाकर निकम जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागातून निवृत्त झाले होते. अडचण समोर आली की ती सोडवण्याआधी तिची वर्गवारी करायची, ही नोकरीतली सवय सुटली नव्हती.

"ही तांत्रिक अडचण आहे," ते म्हणाले. "आज भरायच्या, उद्या फोडायच्या."

शालनकाकी दुपारीच स्टेशनबाहेरच्या दुकानातून डझनभर हिरव्या काचेच्या बांगड्या घेऊन आल्या. बरोबर टिकल्यांचं पाकीट आणलं, कारण पुसायला कपाळावर काही नव्हतं. काळ्या मण्यांची एक स्वस्त पोतही आणली. खरं मंगळसूत्र बँकेच्या लॉकरमध्ये होतं, उद्या रविवार होता, आणि रविवारी बँक कुणाच्या वैधव्यासाठी उघडत नाही.

खरं तर दहावा गावीच व्हायचा. पण गावच्या ग्रामसभेनं विधवा प्रथाबंदीचा ठराव केला होता. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं गावच्या हद्दीत बंद. मसुदा सुधाकररावांचाच. त्याबद्दल त्यांना शाल आणि श्रीफळ मिळालं होतं. आपणच ठराव लिहायचा आणि आपल्याच घरात मोडायचा, हे नैतिकदृष्ट्या बरं दिसणार नाही असं वाटून त्यांनी कार्य वसईला ठेवलं. गोखिवरं महानगरपालिकेत येतं. ग्रामसभेचे ठराव इथं लागू होत नाहीत.

चार वाजता पापडीहून जीनाचे आईवडील आले. एडवर्ड तुस्कानो यांच्या हातात घरच्या केळ्यांची फणी होती, इनेझबाईंच्या हातात कापडी पिशवी. एडवर्ड मूळचेच कमी बोलत. मुलीनं निकमांच्या मुलाशी लग्न केलं तेव्हा ते दोन वर्षं अजिबात बोलले नव्हते. त्या मानानं आताचं बोलणं भरपूर म्हणायचं. इनेझबाई चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण देत, त्यामुळे घरातलं बोलण्याचं खातं त्यांच्याकडे होतं.

आठ वर्षांच्या आर्याला शेजारच्या जॉयसकडे धाडलेलं होतं. असले विषय मुलांसमोर नकोत, यावर दोन्ही घराण्यांचं एकमत झालं. दिवसातलं हे पहिलंच एकमत असल्यामुळे सगळ्यांना जरा बरं वाटलं.

कौस्तुभची आई, यमुनाबाई, खिडकीजवळच्या दिवाणावर बसल्या होत्या. एकुलता एक मुलगा गेलेल्या बाईला काय विचारायचं, हे कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणून कुणी काही विचारत नव्हतं.

"विषय नाजूक आहे," सुधाकरराव म्हणाले. "मी थोडक्यात भूमिका मांडतो."

त्यांनी ती चहा उकळून गाळून होईपर्यंत मांडली. तीत परंपरा होती, बदलता काळ होता, समाजाची मानसिकता होती. सगळ्यात शेवटी बांगड्या होत्या.

इनेझबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे तिच्या हातात नाहीत, त्या घालणार. आणि मग फोडणार."

"हो."

"आणि घातल्याच नाहीत तर?"

"तर फोडता येणार नाहीत," सुधाकररावांनी समजावून सांगितलं.

इनेझबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. एडवर्ड केळ्यांकडे पाहत होते.

"आमच्यात असलं काही नाही हो," इनेझबाई म्हणाल्या, आणि आवाजात नको म्हणता म्हणता थोडा अभिमान आलाच. "बाईच्या अंगाला कुणी हात लावत नाही. फक्त वर्षभर काळं घालायचं. लग्नाला जायचं नाही. बाप्तिस्म्याला गेलं तर चालतं, पण जेवायला थांबायचं नाही. गाणं-नाच तर नाहीच."

"वर्षभर?" शालनकाकींनी छातीवर हात ठेवला. "अगं बाई! एवढीशी पोरगी, तिला वर्षभर काळ्यात कोंडायचं? आमचं बघा. पाच मिन्टांत उरकतं."

"पाच मिनिटांत उरकतं, पण रक्त काढून."

"कुठलं रक्त? जरा खरचटतं. हळद लावायची."

"आमच्यात हळद लागत नाही, ताई. आमच्यात कापड लागतं."

दोन्ही बाजू थोडा वेळ एकमेकींकडे दयेनं पाहत राहिल्या. निकमांना तुस्कानो मागासलेले वाटले, तुस्कानोंना निकम. समोरच्यापेक्षा आपण सुधारलेले आहोत ही खात्री पटली की माणूस उदार होतो. दोन्ही घराणी उदार झाली.

"सुवर्णमध्य काढू," सुधाकरराव म्हणाले. "सकाळी आमचं. दुपारपासून तुमचं."

"म्हणजे सकाळी बांगड्या आणि दुपारी काळं?"

"दोन्ही परंपरांचा मान राहतो."

इनेझबाईंनी विचार केला. कापडी पिशवीत त्यांनी दोन काळे ड्रेस शिवून आणले होते, एक शाळेत घालायला आणि एक चर्चमधल्या मिस्साला. शिलाई वाया जात नव्हती. "मग महिन्याच्या मिस्साला तुम्ही सगळ्यांनी यायचं हं."

"सहकुटुंब. आणि उद्या दहाव्याला तुम्ही."

"येऊ की."

सुधाकररावांनी हात पुढे केला. एडवर्डनी तो धरला, कारण पुढे आलेला हात धरायचा एवढं त्यांना माहीत होतं. लग्नाच्या वेळी या दोन घरांत मानपानाची बैठक झालीच नव्हती. ती राहिलेली बैठक आज झाली. देण्याघेण्याची वस्तू तेवढी तीच होती. ती स्वयंपाकघरात कपांत चहा ओतत होती.

जीना ट्रे घेऊन बाहेर आली. मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला शिट्टीशिवाय पोचणारा आवाज तिनं या घरात नेहमी लहान ठेवला होता. आजही तो तसाच ठेवला.

"मी ऐकलं सगळं," ती म्हणाली. "काळं तर मी रोजच घालते, मम्मी. ट्रॅकसूट काळाच आहे."

"त्याला पांढऱ्या पट्ट्या आहेत."

"आणि बांगड्या मी नाही भरणार. फोडण्याचा प्रश्नच येत नाही."

"हे बघ बेटा," सुधाकरराव खुर्चीत पुढे सरकले. "आम्ही कुणी हे मानतच नाही. मी स्वतः तर..."

"ठराव. माहीत आहे, काका. फ्रेम केलेला फोटो तुम्ही कौस्तुभला पाठवला होता."

"मग तूच समज. माझी वैयक्तिक भूमिका स्पष्ट आहे. हे माझ्यासाठी नाही, तुझ्यासाठी तर नाहीच. हे वहिनींसाठी आहे. त्यांचा पोटचा गेलाय. त्यांच्या मनाचं समाधान बघायचं की नाही?"

"अक्कांसाठीच सगळं," शालनकाकी म्हणाल्या.

"मीही यमुनाताईंसाठीच म्हणते," इनेझबाईंनी दुजोरा दिला. "उद्या त्यांना वाटायला नको, आमच्या पोरीला काही दुःखच नाही."

एडवर्डनी मान हलवली. तीही यमुनाबाईंसाठीच असावी.

जीनाची इथं कोंडी झाली. कुणाच्याही तोंडावर तिनं नाही म्हटलं असतं. शाळेच्या ट्रस्टींना म्हटलं होतं, फादरना म्हटलं होतं, दोन वर्षं स्वतःच्या बापाला न बोलता म्हटलं होतं. पण दिवाणावर बसलेल्या या बाईनं रजिस्ट्रारच्या ऑफिसात साक्षीदार म्हणून सही केली होती, जेव्हा दोन्ही घरांतून दुसरं कुणी फिरकलं नव्हतं. आर्या पाच महिन्यांची असताना स्पर्धा आली, तेव्हा "जा गं, मी आहे" असं म्हणून दूध कोमट करायला घेतलं होतं. या बाईला आत कुठंतरी हे हवं असेल, आणि ते आपण नाकारू, या विचारानं तिनं ट्रे खाली ठेवला.

"ठीक आहे," ती म्हणाली. "आईंना हवं असेल तर मी करीन. पण आईंनी तोंडानं सांगायचं. दुसऱ्या कुणी नाही."

सगळ्या माना खिडकीकडे वळल्या. गेल्या नऊ दिवसांत यमुनाबाईंना विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

यमुनाबाईंनी टीपॉयवरच्या बांगड्यांच्या खोक्याकडे पाहिलं. मग ट्रेकडे.

"चहा गार होतोय," त्या म्हणाल्या.

घरातली बाई नाही म्हणाली नाही म्हणजे ती हो म्हणाली, या हिशेबावर शालनकाकींनी आख्खा संसार केला होता आणि त्यांचं कधी अडलं नव्हतं. त्यांनी खोकं उचललं.

"चल गं जीना. आत चल. आज भरून ठेवू. उद्या सकाळी गुरुजी यायचे, ए विंगमधल्या बायका यायच्या, तेव्हा झटापट नको."

*

ए विंगमधल्या बायका तीन होत्या आणि तिन्ही विधवा होत्या. बांगड्या फोडायला विधवाच लागतात. शालनकाकींनी सोसायटीच्या वॉचमनकडे चौकशी करून त्या शोधल्या होत्या, आणि तिघींनी आढेवेढे न घेता होकार दिला होता. आपल्यावर जे झालं ते दुसरीवर करायला बोलावणं येतं, तेव्हा नाही म्हणायची पद्धत नाही.

बेडरूममध्ये जीना पलंगाच्या कडेला बसली. तिच्या उजव्या हाताशी शालनकाकी, दाराशी इनेझबाई. यमुनाबाई मागून आल्या आणि कपाटाला टेकून उभ्या राहिल्या.

पहिली बांगडी बोटांवरून उतरली आणि अंगठ्याच्या मुळाशी अडली.

"हात सैल सोड."

"सैलच आहे, काकी."

"मग असा कसा? बाईचा हात आहे की कुळवाचा दांडा?"

"व्हॉलीबॉलचा आहे," इनेझबाई दारातून म्हणाल्या. "विद्यापीठाकडून खेळलीय ती. अंगठा दोनदा मोडलाय."

शालनकाकींनी बाथरूममधून साबण आणला. जीनाच्या हाताला फेस केला, तिची बोटं चुंबळीसारखी आवळली आणि बांगडी रेटली. बांगडी पुढे गेली नाही. तिथंच तडकली. जीनाच्या अंगठ्याखाली लाल रेघ उमटली आणि साबणाच्या फेसात गुलाबी झाली.

"फुटली!" शालनकाकी कळवळल्या. "आज नाही फुटायची, बाई. आजची चालत नाही."

"दाखव बघू," इनेझबाई पुढे आल्या, मुलीचा हात ओढून घेतला, पदराऐवजी ओढणीनं पुसू लागल्या. आमच्यात बाईच्या अंगाला कुणी हात लावत नाही, हे मघाशी त्यांनीच सांगितलं होतं. आता मुलीचं रक्त पुसताना त्यांच्या मनात आलं, की आपल्या आईनं तिच्या आईच्या सांगण्यावरून काळं घातलं होतं, आणि वर्ष संपल्यावरही काढलं नव्हतं. काढ असं कुणी म्हटलं नव्हतं. कुणी म्हणायचं असतं ते, हे तेव्हा कुणाला सुचलंच नाही.

"असं करू," शालनकाकींनी नवी बांगडी काढली. "अक्का, तुम्ही तिचं मनगट धरा. घट्ट धरा. मी रेटते. हां, आणि उद्या आर्याला समोर बसवायची. पोरीच्या जातीला आत्तापासून ठाऊक असलेलं बरं."

यमुनाबाई कपाटापासून सुटल्या.

त्यांचा नवरा गेला तेव्हा त्यांचं मनगट धरलं होतं ते शालननंच. तेव्हा शालन नवी नवरी होती, घरात येऊन वर्ष व्हायचं होतं, आणि थोरल्या जावेचा हात धर असं तिला सांगितलं होतं म्हणून तिनं धरला होता. नदीवर, ओट्याच्या दगडावर. त्या दिवसातलं बाकी बरंचसं यमुनाबाईंनी कधीच आठवलेलं नव्हतं. मुद्दाम नाही. आठवायला सवड झाली नाही एवढंच. टेलरिंगचं मशीन घ्यायचं होतं, पोरगं शिकवायचं होतं.

पण एक आठवत होतं. त्या घरी परतल्या तेव्हा नऊ वर्षांचा कौस्तुभ पायरीवर बसला होता. त्यानं वर पाहिलं. कपाळ पाहिलं, हात पाहिले, पुन्हा तोंडाकडे पाहिलं. आणि त्यांनाच विचारलं, "आई कुठाय?"

रात्रीपर्यंत तो जवळ आला नव्हता.

"अक्का, धरताय ना?"

"सोड तिचा हात," यमुनाबाई म्हणाल्या.

"अं?"

"हात सोड, शालन. तिचा हात तुझा नाही."

शालनकाकींनी सोडला. बोलण्यात धार नव्हती, म्हणून त्यांना आणखीच घाबरल्यासारखं झालं. यमुनाबाईंनी त्यांच्या हातातली बांगडी घेतली. खोकंही घेतलं. पलंगावर जीनाशेजारी बसल्या, स्वतःचा डावा हात मिटला आणि बांगडी सरकवली. ती साबणाशिवाय गेली. दुसरी गेली. तिसरी गेली.

"अक्का, हे काय करताय? अहो, तुम्ही!"

"माझ्या मापाच्या आहेत."

"तुमच्या कशा असतील? तुम्ही तर... तुम्ही..."

"मला ठाऊक आहे मी कोण ते. तू आणल्यास चांगल्या. रंग बरा आहे."

इनेझबाई ओढणी हातात धरून पाहत राहिल्या. शालनकाकी पलंगाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या, आधी टेकल्या आणि मग पूर्ण बसल्या. जीनानं सासूचा उजवा हात घेतला आणि उरलेल्या बांगड्या एकेक करून त्यात भरल्या. तिला हे काम येत नव्हतं. एकदा यमुनाबाई "स्स" म्हणाल्या.

"लागलं, आई?"

"तुझा हात दणकट आहे गं. हळू."

*

सुधाकररावांना आधी आवाज ऐकू आला. एडवर्डशी त्यांचं केळ्यांच्या भावावर बोलणं चाललं होतं, म्हणजे सुधाकरराव बोलत होते. बांगड्यांचा आवाज आल्यावर त्यांना बरं वाटलं. तांत्रिक अडचण दूर झाली होती.

मग दारात यमुनाबाई दिसल्या आणि ते खुर्चीतून अर्धे उठले. पूर्ण उठायचं की बसायचं हे ठरेना, म्हणून तसेच राहिले.

"वहिनी... हे..."

"बसा, भावजी. मघाशी मला विचारलंत ना? उत्तर द्यायचं राहिलं."

"मी नव्हतं विचारलं. तिनं..."

"तिनं विचारलं. तुम्ही सगळे माझ्यासाठी करत होतात ना? माझ्या समाधानासाठी? तर ऐका. मला ते नको. तिच्या बांगड्या नकोत, तिची टिकली नको, ती पोतही नको. त्या पोतीचे मणी तर नुसता हात लावला तरी गळताहेत."

"पण उद्याचं काय? गुरुजी येणार, ए विंगच्या बायका येणार..."

"येऊ द्या. फोडायच्याच असल्या तर या आहेत की." त्यांनी दोन्ही हात पुढे केले. हिरवा रंग खिडकीच्या उजेडात जरा जास्तच हिरवा दिसला. "पण एकदा झालेली विधवा पुन्हा करता येते का, ते आधी गुरुजींना विचारून घ्या. तुमच्या नियमात कुठं असेल तर."

सुधाकररावांनी खरोखर मनातल्या मनात नियम चाळले. छत्तीस वर्षांच्या नोकरीत अशी फाइल आली नव्हती.

"शालन!" ते बायकोवर घसरले. "तू आत होतीस ना? तू काय करत होतीस?"

शालनकाकी दाराशी आल्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, जावेच्या हातांकडे पाहिलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नवऱ्याला नको असलेलं उत्तर दिलं.

"त्यांच्या मापाच्या निघाल्या," त्या म्हणाल्या. "मी काय करू?"

"लोक काय म्हणतील, याचा विचार..."

"कुठले लोक, भावजी? गावच्यांना तर तुम्हीच बंदी घातलीत. इथले लोक ए विंगमध्ये राहतात आणि त्यांना माझं नावसुद्धा माहीत नाही." यमुनाबाई दिवाणावर बसल्या. "कौस्तुभ नऊ वर्षांचा होता, तेव्हा माझं सगळं केलंत. मी तेव्हा काही बोलले नाही, तुम्हीही नाही. आता त्याची पोर आठ वर्षांची आहे. उद्या ती समोर येईल तेव्हा तिला तिची आई ओळखू आली पाहिजे. मला एवढंच समाधान हवंय. द्यायचं असेल तर हे द्या."

  मग त्या इनेझबाईंकडे वळल्या.

"विहीणबाई, तुमचं काळंही माझ्यासाठीच ना?"

इनेझबाईंनी तोंड उघडलं. त्यांच्याकडे उत्तर होतं. त्यात चर्च होतं, पापडीतल्या बायका होत्या, रविवारच्या मिस्सानंतर दारात होणारं बोलणं होतं. चर्चमधल्या मुलांना त्या जितक्या ठामपणे दहा आज्ञा सांगत, तितक्याच ठामपणे त्यांना हे सांगता आलं असतं. पण ओढणीवरचा डाग अजून ओला होता.

"दहा आज्ञांत काळं कुठंही नाही," त्या शेवटी म्हणाल्या, आणि हे आपण बोललो याचं त्यांनाच आश्चर्य वाटलं. "पापडीत विचारतील."

"विचारलं तर?"

"तर..." इनेझबाईंनी ओढणीची घडी घातली.

"तर मी सांगेन," एडवर्ड म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. ते उठले. बायकोच्या खुर्चीमागची कापडी पिशवी त्यांनी उचलली.

"हे गाडीत ठेवून येतो," ते म्हणाले आणि निघाले. दाराशी थांबून जीनाच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझ्या पट्ट्यांचा ट्रॅकसूट घाल, पोरी. सोमवारी शाळा आहे ना?"

"हो, डॅडी."

"मग जा." आणि पायऱ्या उतरून गेले. दोन वर्षांच्या अबोल्याची एवढी भरपाई त्यांच्याकडून आजवर झाली नव्हती.

सुधाकरराव मात्र अजून पराभवाची वर्गवारी करत होते. ते अगदी एकटे पडले होते. बायको जावेकडे, व्याही गाडीकडे, आणि समोर हातभर हिरव्या बांगड्या. ते बाल्कनीत गेले आणि गुरुजींना फोन लावला. कार्यक्रमात बदल झाला आहे, हे कुणीतरी कळवायला हवं होतं, आणि कळवणं हे त्यांचं क्षेत्र होतं.

"हॅलो गुरुजी... नाही, पिंडदान आहे, ते राहील. बाकीचं रद्द. हो. घरच्यांचं तसं मत पडलं."

दुसरा फोन ए विंगला. "नमस्कार ताई. उद्या आपण यायची तसदी घेऊ नका. म्हणजे जेवायला या. बाकीचा विधी आम्ही करायचा नाही असं ठरवलंय. हो, आम्ही."

तिसरा फोन ठाण्याच्या चुलतभावाला, हरेशला. आता आवाजात खर्ज आला होता. "अरे हरेश, एक महत्त्वाचा निर्णय घेतला आज. कुटुंबप्रमुख म्हणून कुणीतरी पाऊल उचलायला हवं होतं. मी म्हटलं, ठराव गावापुरता का? घरापासून सुरुवात करू. नाही नाही, विरोध झाला ना. बायकांचाच होतो जास्त. समजूत काढली."

जीना स्वयंपाकघरात होती. हातातली सुरी तिनं ओट्यावर आपटली.

"आई, ऐकताय तुम्ही? काका काय सांगताहेत? समजूत काढली म्हणे!"

"ऐकतेय," यमुनाबाई म्हणाल्या. त्या केळी सोलून ताटलीत ठेवत होत्या, आर्या यायची वेळ झाली होती.

"तुम्ही केलंत सगळं आणि क्रेडिट ते घेणार? मी जाऊन सांगते त्यांना."

"काही जायचं नाही." यमुनाबाईंनी तिचा साबणानं राठ झालेला हात धरला, पण घट्ट नाही. "घेऊ दे त्यांना. माझं म्हणून राहिलं तर उद्या सकाळी पुन्हा बदलायला निघतील. त्यांचं झालं की मरेपर्यंत बदलणार नाहीत. परवा साताऱ्यात कुणाची सून विधवा झाली, तरी हेच सांगत फिरतील."

जीनानं सुरी पुन्हा हातात घेतली. बाल्कनीत सुधाकररावांनी हरेशचा निरोप घेतला आणि समाधानानं घसा साफ केला.

यमुनाबाईंनी ताटली बाजूला ठेवली आणि दाराशी जाऊन हाक मारली.

"भावजी! गावच्या सरपंचांनाही आत्ताच लावा. आणि स्पीकरवर ठेवा, म्हणजे आम्हालाही ऐकू येईल."